आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे : फवाऱ्यातून फुप्फुसात

प्रश्न : न्हाणीघरातील काचेवर पाण्याचे पांढरे डाग बसू नयेत म्हणून मी दाबाच्या डब्यातला एक फवारा आणला. डब्यावर ठळक अक्षरांत ‘नॅनो’ असे लिहिले आहे. दार-खिडकी लावून तो काचेवर मारला आणि तासाभरात कोरडा खोकला सुरू झाला, छाती आवळल्यासारखी वाटू लागली. दुसऱ्या दिवशी बरे वाटले. नॅनोकण कायमचे फुप्फुसात जाऊन बसले असतील का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु संशय बहुधा चुकीच्या शब्दावर घेतला गेला आहे. जर्मनीत मार्च २००६ मध्ये जवळजवळ असाच प्रकार घडला होता. ‘मॅजिक नॅनो’ नावाचे, काचा आणि न्हाणीघरासाठीचे फवारे दाबाच्या डब्यांतून विकायला आले आणि काही दिवसांतच सुमारे शंभर जणांनी खोकला व धाप लागल्याची तक्रार केली. त्यांपैकी सहा जणांना फुप्फुसात पाणी झाल्याने रुग्णालयात ठेवावे लागले. नॅनोतंत्रज्ञानाविरुद्ध बरीच आरडाओरड झाली. पुढे तपासणी झाली तेव्हा त्या फवाऱ्यांत नॅनो आकाराचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक, कण आढळलेच नाहीत.

मग त्रास कशाने झाला? अशा फवाऱ्यांतील मुख्य द्रव्य पाण्याला धरू न देणारे असते, आणि त्याचा हाच गुण छातीत अवगुण ठरतो. फुप्फुसातील वायुकोशांना आतून सर्फॅक्टंट नावाचा अतिशय पातळ थर असतो, ज्याच्यामुळे श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून चिकटत नाहीत. जलरोधक द्रव्याचे थेंब तिथवर पोहोचले, तर ते या थराची घडी विस्कटू शकतात. हातपंपाच्या बाटलीतून निघणारे थेंब बहुतेक जाडे असतात. ते नाकात अडतात किंवा खाली बसतात. दाबाच्या डब्यातून मात्र १० मायक्रॉनपेक्षाही (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान थेंब मोठ्या संख्येने निघतात, ते हवेत तरंगत राहतात आणि खोलवर जातात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून अंदाज यावा. त्यात आपण खिडकी लावून घेतली होती.

खऱ्या नॅनोकणांची भीती मात्र निराधार नाही. एडिंबरो येथे स्वयंसेवकांना सोन्याचे अतिसूक्ष्म, निरुपद्रवी कण हुंगायला देऊन केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते कण फुप्फुसातून रक्तात उतरल्याचे आणि तीन महिन्यांनंतरही शरीरात असल्याचे दिसले. पण शहरात राहणाऱ्याला असे कण मिळतात ते प्रामुख्याने डिझेलच्या धुरातून, काचेच्या फवाऱ्यातून नव्हे. आपल्याला एका दिवसात आराम पडला, हे चांगले लक्षण आहे. पायऱ्या चढताना धाप लागत असेल किंवा खोकला टिकून असेल, तर डॉक्टरांकडे जाताना तो डबाही बरोबर न्यावा. त्यावरची घटकद्रव्यांची यादी त्यांना उपयोगी पडेल. आणि पुढच्या वेळी ते द्रव्य फडक्यावर घेऊन पुसावे.

प्रश्न : वातानुकूलित खोलीत बाळाचे नाक कोरडे पडते, म्हणून आम्ही हवेत ओलावा सोडणारे यंत्र लावतो. पाण्यात थोडे जंतुनाशक टाकले तर चालेल का? – एक आजी, पुणे

उत्तर : अजिबात टाकू नये. दक्षिण कोरियात १९९४पासून नेमक्या याच कामासाठी जंतुनाशके विकली जात होती. २०११ मध्ये गर्भवती स्त्रिया, नुकत्याच बाळंत झालेल्या माता आणि लहान मुले यांच्यात फुप्फुसे निकामी करणारा आजार आढळला आणि त्याचा माग या जंतुनाशकांपर्यंत पोहोचला. त्या प्रकरणात शेकडो माणसे दगावली. त्यांतील पीएचएमजी हे प्रमुख रसायन त्वचेला किंवा पोटात गेल्यास फारसे विषारी मानले जात नव्हते, पण श्वासावाटे गेल्यावर काय होईल हे कुणी विक्रीपूर्वी नीट तपासलेच नव्हते. ध्वनिलहरींवर चालणारे यंत्र पाण्यात जे विरघळले असेल ते सगळे तुषारांबरोबर हवेत उडवते, त्यात नळाच्या पाण्यातले क्षारही आले. टाकी रोज रिकामी करून घासावी, शक्य तर डिस्टिल्ड वॉटर वापरावे.

प्रश्न : इतके बारीक कण मास्कच्या जाळीतून सहज निसटत असतील, मग एन-९५ चा उपयोग काय? – एक वेल्डर, पिंपरी

उत्तर : मास्क ही पिठाची चाळणी नव्हे. मोठे कण वळण घेऊ न शकल्याने तंतूंवर आदळतात, तर अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि कुठल्यातरी तंतूला चिकटतात. पकडायला सर्वांत अवघड ते मधलेच, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. म्हणून मास्कची चाचणीही त्याच आकाराच्या जवळ घेतात. त्याहून लहान कण उलट जास्त अडतात. खरी गळती गालाच्या कडेने होते, दाढी असेल तर विशेषच. आपल्या कामात याची गरज आहेच, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर २०१७ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, घातला. वायू मात्र एन-९५ अडवत नाही, त्यामुळे धूर ओढून घेणारा पंखा जोडाच्या अगदी जवळ हवा.

प्रश्न : रात्रभर मच्छर अगरबत्ती लावली तर? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चीन व मलेशियातील अगरबत्त्यांवरच्या अभ्यासात एका वेटोळ्यातून (कॉइलमधून) निघणारे पीएम २.५ कण, म्हणजे २.५ मायक्रॉन वा त्याहून बारीक कण, वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. ही तुलना केवळ कणांच्या वजनापुरती आहे, सिगारेटच्या सगळ्या दुष्परिणामांची नव्हे. तरीही बंद खोलीत ती जाळण्यापेक्षा मच्छरदाणी लावणे बरे.