शिकारी कंपाउंडचा वेग: ३३० छापलेले धनुष्य २६७ का दाखवते?

आपल्या प्रश्नाचा सारांश मी असा समजलो. शिकारीसाठी बनवलेले कंपाउंड (टोकांना कप्प्या असलेले) धनुष्य आपण घेतले, त्याच्या माहितीपत्रकात ३३० फूट प्रति सेकंद असा वेग छापलेला आहे, आणि इथे कोल्हापुरात क्रोनोग्राफमधून (वेग मोजणाऱ्या यंत्रातून) बाण सोडला तेव्हा आकडा आला २६७. आपली ड्रॉ लेंग्थ (दोरी मागे ओढण्याची लांबी) साडेसत्तावीस इंच, पाउंडेज (दोरी ओढायला लागणारा जोर) ६०, बाण ३८० ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचे बारीक माप). विक्रेत्याने फसवले का, आणि कमी पडलेला वेग भरून काढण्यासाठी २९० ग्रेनचे हलके बाण घ्यावेत की ७० पाउंडाचे लिम्ब (धनुष्याचे वाकणारे दोन हात) बसवावेत, असे आपण विचारले आहे. फसवणूक झालेली नाही, आणि या दोहोंपैकी एकही उपाय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले धनुष्य जितका वेग द्यायला हवा तितका देत आहे.

माहितीपत्रकातला आकडा ठरावीक अटींवर मोजलेला असतो: ७० पाउंड ड्रॉ वेट (म्हणजेच पाउंडेज), ३० इंच ड्रॉ लेंग्थ आणि ३५० ग्रेनचा बाण, म्हणजे दर पाउंडामागे ५ ग्रेन. दोरीवर पीप (नेम धरताना पाहायचे छिद्र) नाही, डी-लूप (दोरी ओढताना धरायचा छोटा फास) नाही, आणि धनुष्य बहुधा माणसाच्या हातात नसून यंत्रात पकडलेले. आता आपला हिशेब करू. ड्रॉ लेंग्थ एक इंच कमी झाली की ढोबळमानाने वेगातले १० फूट जातात. आपली अडीच इंच कमी आहे, म्हणजे २५ गेले. पाउंडेज एका पाउंडाने घटले की साधारण २ फूट जातात. १० पाउंडांचे २० गेले. बाण दर ३ ग्रेन जड झाला की एक फूट जातो. ३० ग्रेनचे १० गेले. पीप आणि डी-लूप दोरीच्या मध्यभागी बसतात, आणि तिथले वजन सर्वांत महाग पडते, कारण दोरीचा तोच भाग बाणाइतक्याच वेगाने पुढे धावतो. त्याचे पाच-सहा फूट धरा. एकूण एकसष्ट वजा केल्यावर २६९ उरतात आणि क्रोनोग्राफने २६७ दाखवले. हाताने सोडलेल्या बाणात दोन फुटांचा फरक पडणारच. २६७ फूट म्हणजे सेकंदाला ८१ मीटरहून अधिक, ताशी सुमारे २९३ किलोमीटर. हा वेग कोणत्याही दृष्टीने कमी नाही.

हलक्या बाणाचा मोह मला पूर्ण समजतो, कारण सुरुवातीच्या वर्षांत मीही त्यात अडकलो होतो. पण बाण हलका केला की काय होते, ते आधी पाहा. ओढलेल्या धनुष्यात साठलेली सगळी ऊर्जा बाणाला मिळत नाही. तिचा काही हिस्सा दोरी, कॅम (टोकांवरच्या कप्प्या) आणि लिम्बची टोके यांना हलवण्यात खर्च होतो, आणि बाण सुटल्यावर तो आवाज व हादऱ्याच्या रूपाने धनुष्यातच जिरतो. बाण जितका जड, तितका त्याचा वाटा मोठा. माझ्या ६० पाउंडाच्या धनुष्यातून ३५० ग्रेनचा बाण २६८ फुटांनी जातो आणि ४२० ग्रेनचा २४८ फुटांनी. ग्रेनमधले वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४० या नेहमीच्या सूत्राने ऊर्जा काढली, तर पहिल्या बाणाची ५५.८ फूट-पाउंड येते आणि दुसऱ्याची ५७.४. वेग २० फुटांनी घटला आणि ऊर्जा मात्र किंचित वाढली. जड बाणाला दोरीचा खटकाही मऊ येतो. हातात धनुष्य धरून दोन्ही बाण लागोपाठ सोडले, तर नवशिक्यालाही तो फरक तळहातात कळतो.

उलट दिशेने गेलात तर हाच न्याय उलटा लागू होतो. हलक्या बाणाने न घेतलेली ऊर्जा परत लिम्बमध्ये, कॅमच्या आसात आणि दोरीत जाते. बाण न लावता दोरी सोडणे हे कंपाउंडच्या बाबतीत सर्वांत मोठे पाप मानले जाते, त्याने लिम्ब चिरतात, कॅम वाकतात आणि दोरी उडून डोळ्याला इजा होऊ शकते. अती हलका बाण हे त्याच पापाचे सौम्य रूप आहे. म्हणूनच दर पाउंडामागे ५ ग्रेन ही खालची मर्यादा बहुतेक निर्माते घालून देतात. ६० पाउंडाला ती ३०० ग्रेन होते. आपला २९० ग्रेनचा बाण तिच्याखाली जातो, त्यामुळे तो विषय इथेच सोडून द्यावा. शिवाय बाण हलका करण्यासाठी लोक आधी पॉइंटचे (बाणाच्या पुढच्या टोकाचे) वजन कमी करतात. त्याने बाणाचा पुढचा तोल जातो आणि तो सुटताना पूर्वीपेक्षा ताठ वागतो. मग जुळवलेली स्पाइन (बाणाचा ताठपणा) बिघडते, आणि कागदातून बाण मारून पाहिला तर नॉकची (बाणाच्या मागच्या, दोरीत अडकणाऱ्या टोकाची) चीर एका बाजूला फाटलेली दिसते. वेग वाढला आणि लक्ष्यावरचा बाणांचा गट फुटला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांचे कारण मला इथेच सापडते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे कंपाउंडची स्पर्धा ५० मीटरवर, ८० सेंटिमीटरच्या फेसवर (लक्ष्याच्या कागदावर) होते. अंतर ठाऊक असते आणि साइट (धनुष्यावरचे नेम धरायचे साधन) त्या अंतरासाठी बसवलेली असते. अशा वेळी वेग २६० आहे की २९०, याने गुणांत थेट फरक पडत नाही; साइटची पिन वर-खाली सरकवली की काम झाले. फरक पडतो तो एका बाणाचा वेग दुसऱ्यासारखा नसल्याने. २६८ फुटांच्या बाणाला ५० मीटर जायला सुमारे ०.६१ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात तो सरळ रेषेपासून साधारण १ मीटर ८५ सेंटिमीटर खाली येतो. वेग एका फुटाने बदलला, तर हे खाली येणे जवळपास दीड सेंटिमीटरने बदलते. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ८ सेंटिमीटर आहे, म्हणजे केंद्रापासून कडेपर्यंत ४ सेंटिमीटर. तीन फुटांचा चढउतार झाला की नेम अचूक असूनही बाण दहाच्या रेषेवर जाऊन बसतो.

हे मला सूत्रातून नव्हे, गुजरीतल्या सराफाच्या काट्यावर कळले. माझ्या बारा बाणांपैकी दोन नेहमी सहा वाजण्याच्या दिशेला, नऊमध्ये पडत. मी आधी श्वासाला दोष दिला, मग खांद्याला, मग रिलीजला, म्हणजे दोरी सोडण्याच्या पद्धतीला. दोन महिने फॉर्म बदलत राहिलो. शेवटी बाणांवर क्रमांक घातले आणि दर फेरीला कोणता बाण कुठे पडला ते वहीत लिहू लागलो, तेव्हा दिसले की खाली पडणारे बाण कायम ४ आणि ९ हेच होते. बारा बाण कापडात गुंडाळून ओळखीच्या सराफाकडे नेले. सोन्यासाठी ठेवलेल्या त्यांच्या काट्यावर ग्रॅमचा शंभरावा भाग दिसतो, म्हणजे ग्रेनच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकी बारीक मोजणी होते. काचेच्या पेटीत बाण मावेना, म्हणून त्यांनी झाकण उघडे ठेवून पंखा बंद केला आणि छोट्या वाटीवर बाण आडवा तोलून धरला. दहा बाण २२.६६ ते २२.७१ ग्रॅममध्ये बसले. ४ आणि ९ मात्र २३.१ च्या आसपास निघाले. घरी येऊन त्यांचे पॉइंट गरम करून काढले, तर आत डिंकाचे जाड गोळे जमून राहिले होते. त्या दोघांना डिंक लावताना माझाच हात सैल पडला होता. जास्तीचे ०.४ ग्रॅम म्हणजे सुमारे ६ ग्रेन, म्हणजे वेगात २ फूट, म्हणजे ५० मीटरवर जवळपास ३ सेंटिमीटर. डिंक खरवडून पॉइंट पुन्हा बसवले आणि ते दोन बाण बाकीच्यांमध्ये मिसळून गेले. माझ्या खांद्याचा काहीच दोष नव्हता.

आपल्या शेजारच्या साताऱ्यात घडलेल्या खेळाडूंकडे पाहा. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे या दोघांनीही कंपाउंडचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले, आणि ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. पंधराच्या पंधरा बाण दहात. ज्या स्पर्धेत कोणालाच ६० पाउंडांपेक्षा जास्त ड्रॉ वेट वापरता येत नाही, तिथे असा निकाल सारखेपणातूनच येतो.

याच नियमामुळे ७० पाउंडाच्या लिम्बचा विचार स्पर्धेच्या दृष्टीने निरर्थक ठरतो. सरावापुरते म्हणाल, तर आपले गाव पैलवानांचे आहे, वजन वाढवण्याची हौस इथल्या हवेतच आहे, हे मला मान्य आहे. पण कंपाउंड ओढताना धनुष्य आभाळाकडे न्यावे लागत असेल किंवा पाय हलवावा लागत असेल, तर पाउंडेज आपल्यासाठी जास्त आहे. बसल्या जागी, हात समोर ठेवून, धनुष्य न डगमगता मागे आले पाहिजे. सत्तराव्या बाणालाही तसेच आले पाहिजे. थकलेला खांदा पूर्ण ड्रॉमध्ये भिंतीवरून (दोरी जिथे मागे येऊन थांबते तिथून) मिलिमीटरभर पुढे सरकतो, आणि तेवढ्यानेही वेग बदलतो. मोठ्या पाउंडेजने मिळवलेले २० फूट आपण असे थोडे थोडे करून परत देऊन बसतो.

मग शिकारी धनुष्यांचे निर्माते वेगाच्या मागे का लागलेले असतात, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर त्यांच्या वापरात आहे. हॉलेस विल्बर ॲलन या अमेरिकन माणसाने १९६६ मध्ये कंपाउंडच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मंजूर झाले, आणि तिकडे हे धनुष्य मुख्यतः शिकारीसाठीच वाढले. जंगलात अंतर लिहिलेले नसते. समजा ४० मीटर धरून बाण मारला आणि लक्ष्य प्रत्यक्षात ४३ मीटरवर होते. २६८ फुटांचा बाण साडेनऊ सेंटिमीटर खाली लागेल आणि ३०० फुटांचा साडेसात. म्हणजे ३२ फुटांच्या वाढीने चूक दोन सेंटिमीटरने घटते. फायदा आहे, पण जाहिरात वाचून वाटतो तितका नाही. आणि आवाजापुढे तर तो आणखी फिका पडतो: ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, ३० मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज ०.०९ सेकंदात ऐकू येतो, बाण मात्र २६८ फुटांनी ०.३७ आणि ३०० फुटांनी ०.३३ सेकंदाला पोहोचतो. दोन्ही वेळा हरणाला दचकून खाली दबायला पुरेसा अवधी मिळतो. म्हणून तिकडचे जाणते शिकारीही वेगापेक्षा शांत धनुष्य आणि मध्यम जड बाण पसंत करतात.

आपल्या देशात हा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि राधानगरी-दाजीपूरचा गवा ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यातल्या धनुर्धराने याबाबत जराही ढिलाई दाखवू नये. ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाची धारदार पाती, घेऊ नयेत, मैदानावर आणूही नयेत. आपले धनुष्य शिकारीसाठी बनलेले असले तरी इथे ते लक्ष्यभेदाचेच साधन आहे.

त्याच्या घडणीतली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागेल. वेगवान शिकारी मॉडेलची ब्रेस हाइट (न ओढलेल्या दोरीचे मुठीपासूनचे अंतर) बहुधा सहा इंचांच्या आसपास असते. दोरी बाणाला अधिक लांबवर ढकलते, म्हणून वेग मिळतो, पण बाण दोरीवर अधिक काळ राहिल्याने हाताची प्रत्येक चूक त्याच्यात उतरते. त्याचे कॅमही तिखट असतात, म्हणजे पूर्ण ड्रॉमध्ये जरा सैल पडलात की धनुष्य हात पुढे खेचते. पहिला महिना १८ मीटरवर काढा.

आता मोजणीविषयी थोडेसे. क्रोनोग्राफ प्रकाशावर चालणारा असेल, तर तो ट्यूबलाइटखाली वापरू नका. आपल्या विजेवर ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि यंत्र भलतेच आकडे देते. सकाळच्या उजेडात, सावलीत ठेवून मोजा, आणि प्रत्येक वेळी यंत्रापासून तेवढ्याच अंतरावर उभे राहा. पावसाळ्यात दोरी भिजली की जड होते आणि काही फूट खाते, त्यामुळे आषाढातले आकडे आणि मार्चमधले आकडे एकाच रकान्यात लिहू नयेत. उन्हात बंद गाडीत धनुष्य ठेवणे तर पूर्ण टाळा. दोरी आणि केबल ताणल्या जातात, दोन कॅम वेगवेगळ्या क्षणी थांब्याला टेकू लागतात, आणि वेग कुठे गेला हे शोधत आपण बाणांवर संशय घेत बसतो. कुणाला तरी बाजूला उभे करून हळूहळू ड्रॉ करा आणि वरचा व खालचा कॅम एकाच वेळी टेकतात का, ते पाहायला सांगा. दोन मिनिटांचे काम आहे.

तेव्हा ३८० ग्रेनचे बाण ठेवा, ६० पाउंड ठेवा. प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून कानाजवळ हलकेच वाकवा. कार्बन करकरला तर तो बाण मोडून टाका, कारण तडा गेलेला बाण सुटताना हातात फुटू शकतो. मग क्रमांक घाला, सोन्याच्या काट्यावर वजन करा, आणि एकेक बाण तीन वेळा क्रोनोग्राफमधून मारून आकडे वहीत लिहा. वजन आणि वेगाचे रकाने मला कळवलेत, तर त्यातला कोणता बाण बाजूला काढायचा आणि कोणाचा पॉइंट उघडून पाहायचा, हे मी सांगेन.