वाचकांचे प्रश्न : लढाईच्या दिवसांतले चाळीतले घर

प्रश्न : माझी आजी १९४२ साली लग्न होऊन गिरगावातील चाळीत आली. लढाईमुळे तांदूळ मिळेनासा झाला आणि जन्मभर भात खाल्लेल्या घराला गहू-बाजरीची सवय करून घ्यावी लागली, असे ती सांगत असे. मुंबईवर शत्रूचा एकही बॉम्ब पडला नव्हता, तर मग ही झळ तिच्या चुलीपर्यंत पोहोचली कशी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ती रंगूनमार्गे पोहोचली. मुंबईची भाताची गरज कोकणातल्या पिकावर कधीच भागत नसे. शहराला बर्मी, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, तांदळाचा मोठा आधार होता आणि रंगून हे तिथले मोठे बंदर. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि तो तांदूळ बंद झाला. घासलेटही मोठ्या प्रमाणावर तिथूनच येत असल्यामुळे कंदील आणि स्टोव्ह या दोन्हींवर एकाच वेळी संक्रांत आली. पुढच्याच महिन्यात कोलंबो, विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे जपानी बॉम्ब पडल्यावर आता मुंबईची पाळी, अशी धास्ती शहराने घेतली. दिव्यांना काळे कागद लागले आणि अनेकांनी बायकामुलांची रवानगी गावी केली. गिरणीत किंवा पेढीवर नोकरी असलेला पुरुष मात्र मुंबईतच राहिला आणि मनिऑर्डर पाठवीत राहिला. गावीही धान्य महागलेलेच होते, त्यामुळे त्या मनिऑर्डरीत पूर्वीइतका संसार भागत नसे.

मे १९४३ मध्ये मुंबईत रेशन सुरू झाले. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या ग्रेगरी समितीने प्रौढ माणसाला रोज १ पौंड धान्य मिळावे, असे सुचविले होते. हे धान्य म्हणजे केवळ तांदूळ नव्हे. त्यात गहू आणि भरड धान्येही आली. घाटावरून आलेल्या कुटुंबाला भाकरीचे काही वाटले नसेल, पण रत्नागिरीकडच्या घरात ती रोजची कुरबुर होती. रांगा, खडे, काळा बाजार हे सारे होतेच. तरीही माझ्या मते या रेशनला आपण फार कमी श्रेय देतो. कारण त्याच १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने आणि रोगराईने मेली. खुद्द कलकत्त्यात रेशन आले ते १९४४ उजाडल्यावर, आणि खेड्यांतल्या भूमिहीनांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. आजींच्या पानात नावडते का होईना, पण धान्य पडत होते. लढाई संपल्यावर हाल संपले, असेही नाही. १९४६ मध्ये धान्याचे ते रोजचे प्रमाण १२ औंसांवर, म्हणजे पाऊण पौंडावर आले.

बॉम्ब पडला नाही हे खरे, पण स्फोट झाला. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ ही बोट फुटली. तिच्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, शिवाय कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटाही होत्या. सोने आकाशातून पडल्याच्या गोष्टी लोक अजून चवीने सांगतात. गोदीच्या आसपासची बेचिराख झालेली घरे आणि वखारींत जळालेले धान्य यांची आठवण मात्र सहसा कोणी काढत नाही.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा सापडला. तो त्याच काळातला का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : होय. तो १९४३ पासून पाडला गेला. लढाईच्या कामासाठी धातू वाचवायचा होता, म्हणून आधीच्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी वजनाचा हा पैसा काढण्यात आला. चांदीचेही तेच झाले. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली आणि एक रुपयाची नोट पुन्हा चलनात आली. लोक जुने भरीव रुपये खर्च न करता घरात दडवून ठेवू लागले, हे ओघानेच आले. तुमच्या पेटीत व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे रुपये सापडले, तर ते बहुधा अशाच कुणीतरी मागे ठेवलेले असतील.