साक्ष दिली, तरी भीती गेली नाही

मावशी, मी दोंडाईचाजवळच्या एका खेड्यात राहते. वय 39. दोन वर्षांपूर्वी माझं स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, केमोही झाली. मागच्या वर्षी प्रार्थना सभेत उभं राहून मी साक्ष दिली, की प्रभूने मला बरं केलं. पण चेकअपची तारीख जवळ आली की झोप उडते. रात्री पांघरुणात काख चाचपत बसते. फाइल कोठीमागे दडवून ठेवलीय. मागच्या खेपेला तर जायचंच टाळत होते. नवरा म्हणतो, विश्वास ठेव. मावशी, माझा विश्वासच कमी पडतोय का?

नाही गं. जे अंगावरून गेलंय ते परत येईल का, ही धास्ती तुझ्यासारख्या कितीतरी जणींना असते, आणि तपासणीच्या आधी ती हमखास वाढते. डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक असतं. त्याचा तुझ्या विश्वासाशी हिशेब लावू नकोस.

तुझ्या पत्रात मला जास्त टोचली ती साक्ष. तू खरंच बोललीस, पण आता त्याच बायकांसमोर ‘मला भीती वाटते’ म्हणायची तुला चोरी झालीय. आपल्या सभांमधून साक्ष बहुतेक संकट सरल्यावरची असते. मधल्या रात्रींबद्दल कुणी उभं राहून बोलत नाही. मग जी अजून त्या रात्रींतच आहे, तिला वाटतं आपणच तेवढ्या कच्च्या. हे मला मुळीच पटत नाही.

पवित्र शास्त्र तरी असं कुठे लपवतं? 88 वं स्तोत्र काढून वाच. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल मोकळेपणी सांगतो, की आशिया प्रांतात असताना आम्ही जगण्याची आशा सोडली होती. हे तो मंडळीला कळवतो आणि त्यांच्या प्रार्थनेची मदत मागतो. सातव्या अध्यायात तर आत भीती होती असंच लिहितो. आणि गेथशेमानेत प्रभू येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना जवळ नेलं, माझा जीव फार कासावीस झालाय, इथे थांबा, जागे राहा, असं सांगितलं. प्रभूला सोबत मागावीशी वाटली. तू मागितलीस तर त्यात कमीपणा कसला?

माझ्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री आमच्या मंडळीतल्या एक आजी खाटेशी येऊन बसल्या. ‘घाबरू नको’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘‘मी बी आशीच घाबरनू व्हतू, बाई.’’ मग त्यांनी स्वतःच्या ऑपरेशनची सगळी हकीकत सांगितली, मध्येच रडल्याही. प्रार्थना त्यानंतर केली, अगदी लहानशी. मला झोप लागली.

तशी एक बाई तुला शोधायची आहे. सगळ्या सभेला सांगायची घाई नको. जिने स्वतः असं दुखणं काढलंय, किंवा घरात कुणाचं काढलंय, अशी एकच. पाळकबाईंना विचार, त्यांना माहीत असतं कोणाच्या घरात काय झालंय ते. तिला म्हण, चेकअपला माझ्याबरोबर चल. गाडीत शेजारी ती असली की निम्मा रस्ता बोलण्यात जाईल.

चेकअप मात्र टाळायचं नाही, काही झालं तरी. सुरुवातीच्या वर्षांत डॉक्टर साधारण तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात ते उगाच नाही. काही उलटलंच तर ते लवकर कळावं म्हणून. रोज रात्री चाचपण्याऐवजी कशाकडे लक्ष ठेवायचं आणि किती दिवसांनी, हे डॉक्टरांनाच विचार. झोप लागत नाही हेही त्यांना सांग. तपासणी होऊन गेल्यावरही झोप आली नाही, जेवण जाईना, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 नंबरवर फोन कर. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. देवावर भरवसा ठेवणाऱ्या माणसानेही असा फोन करावा.

नवऱ्याला फाइल दाखव. ‘विश्वास ठेव’ म्हणतो तेव्हा बहुतेक तोही घाबरलेला असतो आणि दुसरं काय बोलावं हे त्याला सुचत नसतं. त्याला सांग, तारखेच्या आदल्या रात्री माझ्याबरोबर जागा राहा, एवढंच कर.

आणि पुढच्या सभेत जमलं तर एवढंच बोल: ‘‘प्रभूने मला बरं केलं. पुढच्या महिन्यात तपासणी आहे, मला भीती वाटते, माझ्यासाठी प्रार्थना करा.’’ हीसुद्धा साक्षच.