बॉल वाटेत असतानाच बघ

या वेळच्या पत्रांमधली तीन पत्रं एकाच गोष्टीवर आली आहेत : टीम वरच्या डिव्हिजनमध्ये गेली, आता पुढे काय. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून ही तीन एकत्र घेतो.

प्रश्न : सर, मी 21 वर्षांचा आहे, मिडफिल्डला खेळतो. गेल्या सीझनला आमची टीम वर गेली, तेव्हा मी एकही सामना बाहेर बसलो नव्हतो. यंदा सहा सामने झाले, गुण फक्त एक. माझ्याकडून बॉल सारखा जातो. दोनदा साठाव्या मिनिटाला मला बाहेर काढलं. रोज जादा जिम सुरू केली, तरी फरक नाही. मी या लेव्हलचा खेळाडू नाही का?

'माझ्याकडून बॉल सारखा जातो' ही तुझी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. कधी जातो, ते तू लिहिलेलं नाहीस. पळून पळून दमल्यावर जातो, की पायाशी आल्या आल्या जातो? पत्राच्या सुरावरून मला वाटतं, आल्या आल्या. तसं असेल तर जिमने तो थांबणार नाही.

मी सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू होतो. आमची टीम वर गेली तेव्हा 23 वर्षांचा होतो आणि स्वतःबद्दल मला कसलीच शंका नव्हती. पहिला सामना, चौथं मिनिट. गोलकीपरने बॉल माझ्याकडे सरकवला. असा बॉल मी आधीच्या तीन वर्षांत शेकडो वेळा घेतला होता. बुटाखाली दाबून थांबवायचा, मान वर करायची, बघायचं, मग पास द्यायचा. त्या दिवशीही तसाच थांबवला. मान वर करेपर्यंत त्यांचा स्ट्रायकर अंगावर आला होता, आणि पुढच्या क्षणी बॉल त्याच्याकडे होता. गोल झाला. तो माझ्यापेक्षा फार वेगवान होता असं नाही. गोलकीपरच्या पायातून बॉल सुटला त्याच क्षणी तो निघाला होता. आणि तेवढा वेळ मी बॉल येताना बघत होतो. त्यानंतर सामना संपेपर्यंत आलेला प्रत्येक बॉल मी लांब फेकून दिला.

खालच्या डिव्हिजनमध्ये बॉल थांबवल्यानंतर बघायला वेळ मिळतो. वर तो वेळ मिळत नाही, तिथे बघण्याचं काम बॉल येण्याआधी उरकावं लागतं. माझ्या अनुभवात दोन डिव्हिजनमधला सगळ्यात मोठा फरक हाच. ताकद, उंची, वेग हेही असतात, पण ते डोळ्यांना दिसतात म्हणून आपण त्यांच्याच मागे लागतो.

आमच्या कोचनी माझ्यासाठी एक साधा सराव लावला होता, तो तुला देतो. एक साथीदार समोरून पास देणार, दुसरा तुझ्या पाठीमागे आठ-दहा पावलांवर उभा. पास सुटला की मागचा हाताची काही बोटं वर करणार. बॉल तुझ्यापर्यंत यायच्या आत तू मान वळवून आकडा मोठ्याने सांगायचा आणि मग बॉल घ्यायचा. पहिल्या दिवशी एक तर आकडा चुकतो, नाही तर टच फसतो. माझे दोन्ही होत होते. तिसऱ्या आठवड्यात आकडा सांगतोय याचं भान राहिलं नाही, आणि मग मागच्या माणसाने जागा बदलायला सुरुवात केली.

एकदा बघून भागत नाही, हेही ध्यानात घे. दोन सेकंदांपूर्वी रिकामी दिसलेली जागा रिकामी राहत नाही. नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी प्रीमियर लीगमधले, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधले मिडफिल्डर बॉल मिळण्याआधी किती वेळा मान फिरवून बघतात, हे चित्रीकरणावरून मोजलं. फ्रँक लॅम्पार्ड त्यात अगदी वरच्यांपैकी एक होता. जे जास्त वेळा बघतात त्यांचे पास जास्त वेळा बरोबर जातात, असं त्या मोजणीत दिसलं. लॅम्पार्डचा एखादा जुना सामना लाव आणि बॉलकडे न बघता फक्त त्याच्या मानेकडे बघ. सेंटर बॅककडे बॉल असताना तो डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे बघत असतो.

आता उभं राहण्याबद्दल. तुझ्या वयाच्या बहुतेक मिडफिल्डरना पास देणाऱ्याला पूर्ण छाती दाखवून उभं राहायची सवय असते. मग बॉल घेतला की एकच वाट उरते, आला तिथे परत. अंग अर्धं वळवून, एक खांदा समोरच्या गोलकडे ठेवून उभा राहा आणि बॉलपासून लांबच्या पायाने बॉल घे. पाठीमागचा माणूस अंगावर आला तरी त्याला तुझ्या अंगाला वळसा घालावा लागतो. तेवढ्यात तुझा पास निघतो.

सहाही सामन्यांचा व्हिडिओ मिळतोय का बघ. कोणीतरी फोनवर काढलेला असला तरी चालेल. तुझ्याकडून बॉल गेला तो प्रत्येक प्रसंग काढ. तुला पास देणाऱ्याच्या पायातून बॉल सुटला, त्या क्षणी चित्र थांबव आणि स्वतःचं तोंड कुठे आहे ते बघ. वहीत लिही. माझा अंदाज आहे, दहापैकी आठ वेळा तू बॉलकडे बघत असशील. अंदाज चुकला तर मला पुन्हा लिही, मग वेगळा विचार करू.

जिम बंद कर असं मी म्हणत नाही, पण 'रोज' हा शब्द मला खटकला. ताकद महिन्यांनी येते, थकवा दुसऱ्याच दिवशी येतो. जड वजनं आठवड्याच्या सुरुवातीला उचल, सामन्याच्या आधीचे दोन दिवस पाय मोकळे ठेव. साठाव्या मिनिटाला तू बाहेर जातोस त्यामागे हेही असू शकतं. पाय थकायच्या आधी लक्ष थकतं, आणि वरच्या डिव्हिजनमध्ये ते लवकर थकतं, कारण तिथे कुठलाच क्षण फुकटचा नसतो.

राहिला शेवटचा प्रश्न, लेव्हलचा. इंग्लंडचा स्ट्रायकर जेमी वार्डी याचं उदाहरण मी नेहमी देतो. 2012 मध्ये लेस्टर सिटीने त्याला पाचव्या पातळीवरच्या फ्लीटवूडकडून दहा लाख पौंडांना घेतलं. आधीच्या सीझनला त्याने लीगमध्ये 31 गोल केले होते. लेस्टरमधल्या पहिल्या सीझनला लीगमधले गोल किती? चार. फुटबॉल सोडावं असं त्याच्या मनात आलं होतं, तेव्हा मॅनेजर नायजेल पिअरसन आणि त्यांचे सहायक यांनी त्याला थांबवलं. दुसऱ्या सीझनला 16 गोल झाले आणि टीम प्रीमियर लीगमध्ये गेली. तिथे पहिल्या वर्षी पुन्हा पाचच. त्याच्या पुढच्या वर्षी, 2015-16 ला, 24 गोल, सलग 11 सामन्यांत गोल, आणि लेस्टर विजेते. लेस्टरमधल्या दोन्ही पायऱ्यांवर त्याचं पहिलं वर्ष कोरडं गेलं आहे. तू सहा सामन्यांवरून स्वतःचा निकाल लावू नकोस, मीही लावणार नाही.

प्रश्न : मी टीमचा कॅप्टन आहे. कोच म्हणतात, ज्या खेळाने वर आलो तोच खेळायचा, गोलकीपरपासून छोटे पास देत बाहेर यायचं. ड्रेसिंग रूममध्ये अर्धे जण म्हणतात, मागे बसू, लांब मारू. सलग हरतोय. मी कोणाच्या बाजूने उभं राहू?

कोचच्या. ड्रेसिंग रूममध्ये दोन बाजू पडल्या आहेत हे कॅप्टनने कबूल केलं, तर दोन्ही पद्धती अर्ध्या-अर्ध्या खेळल्या जातात. पुढचे तिघे प्रेस करायला, म्हणजे समोरच्यांच्या पायातला बॉल हिसकावायला वर जातात, मागचे चौघे बॉक्सवर बसतात आणि मधे मैदान मोकळं पडतं. तशी टीम प्रत्येक सामन्यात फाटते.

पण कोचशी दार बंद करून बोल, आणि पद्धतीवर न बोलता जागेवर बोल. आपल्या पेनल्टी बॉक्सच्या आसपास धोका किती घ्यायचा, एवढंच विचार. खालच्या डिव्हिजनमध्ये तिथली चूक दहापैकी दोनदा महागात पडत असेल, तर वर ती त्याहून पुष्कळ जास्त वेळा पडते, कारण समोरचा स्ट्रायकर ती वाया घालवत नाही. दोन-तीन पास झाले आणि वाट दिसली नाही, तर बॉल पुढे, ठरलेल्या माणसाकडे, ठरलेल्या बाजूला, आणि सुटलेला बॉल उचलायला दोन जण आधीच तिथे. असा लांब पास आंधळा नसतो.

शेफील्ड युनायटेड 2019 मध्ये प्रीमियर लीगमध्ये वर आली तेव्हा त्यांचे बाहेरचे सेंटर बॅक विंगच्या बाहेरून पुढे धावत जायचे. ही खोड खालच्या डिव्हिजनमधली, ती त्यांनी सोडली नाही. टीम नववी आली. तरीही त्यांच्यावर 38 सामन्यांत 39 गोल झाले, कारण मागची जागा कोण भरणार हे पक्कं होतं. दुसऱ्या वर्षी त्यातला जॅक ओ'कॉनेल गुडघ्यामुळे जवळजवळ पूर्ण सीझन बाहेर राहिला. त्या वर्षी टीम 23 गुणांवर खाली गेली. पद्धत एकेका माणसाच्या गुडघ्यावर किती टेकलेली असते, हे मला तेव्हा फार लागलं.

आणि हरण्याबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस, त्याची मला जास्त काळजी वाटते. इंग्लंडच्या बर्नलीने 2022-23 मध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये 46 सामन्यांत 101 गुण मिळवले, त्यात हरले फक्त तीन. वर गेल्यावर 38 सामन्यांत 24 हरले. जिंकायची सवय लागलेल्या मुलांना आठवड्यामागून आठवडे हरणं काय करतं, ते मी आतून पाहिलं आहे. दुसरा गोल खाल्ला की खांदे पडतात, तिसऱ्याला एकमेकांकडे हात होतात. तू सामन्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे सहा तुकडे कर आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा हिशोब ठेव. 0-3 हरलात तरी शेवटची पंधरा मिनिटं बरोबरीची खेळली, तर सरावाला येताना ती मुलांपुढे ठेव. कॉर्नर आणि फ्री किकवर आठवड्यात एक पूर्ण सत्र घालवा. नव्याने वर आलेल्या टीमला गुण मिळायची सगळ्यात जवळची वाट तीच आहे.

प्रश्न : माझा मुलगा गेल्या वर्षी टीमबरोबर वर आला. आता त्याच्या जागेवर क्लबने नवा खेळाडू आणला आहे आणि हा बेंचवर बसतो. घरी बोलत नाही. मला 'सामन्याला येऊ नकोस' म्हणाला. त्याला दुसरीकडे जा म्हणू का?

ताई, सीझनच्या मध्यापर्यंत तरी म्हणू नका. वर आलेल्या टीमचा कोच सुरुवातीला नव्या माणसांना खेळवतोच, आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत दुखापती, पिवळी कार्डं, खराब फॉर्म यांनी अर्धी टीम बदललेली असते. आधी त्याने स्वतः कोचना एक प्रश्न विचारावा : 'कोणत्या दोन गोष्टी सुधारल्या की तुम्ही मला खेळवाल?' हे त्याच्याऐवजी तुम्ही किंवा त्याच्या वडिलांनी विचारू नये. उत्तर नेमकं मिळालं तर राहावं, दोनदा गोलमोल मिळालं तर दुसऱ्या क्लबचा विचार करायला हरकत नाही.

साउदॅम्प्टनचा स्ट्रायकर रिकी लँबर्ट याचं त्याला सांगा. साउदॅम्प्टन वर आली त्या सीझनला तो 27 गोल करून त्या डिव्हिजनचा सगळ्यात जास्त गोल करणारा होता. तरी ऑगस्ट 2012 मध्ये, प्रीमियर लीगच्या पहिल्या सामन्यात, मँचेस्टर सिटीविरुद्ध तो बेंचवर होता. वय 30. दुसऱ्या हाफमध्ये उतरला आणि गोल केला. त्या सीझनला त्याचे 15 गोल झाले. बेंचवरून त्याने काय पाहिलं असेल ते मला ठाऊक नाही, पण तुमच्या मुलाने काय पाहावं ते सांगतो : त्याच्या जागेवर खेळणारा समोरच्या टीमचा खेळाडू. तो बॉल नसताना कुठे उभा असतो, थ्रो-इनला कुठे सरकतो. उतरायची वेळ आली की त्याला त्याच माणसासमोर खेळायचं आहे.

माझ्या त्या पहिल्या वर्षी मी सलग सात सामने बेंचवर होतो. वडील प्रत्येक सामन्याला यायचे. संपल्यावर माझी बॅग खांद्याला लावायचे आणि सामन्याबद्दल अवाक्षर न काढता माझ्याबरोबर चालायचे. मीही त्यांना येऊ नका म्हटलं होतं. ते मागच्या रांगेत बसायला लागले, एवढाच बदल केला. तुम्ही या महिन्यात त्याचं ऐका, जाऊ नका. पुढच्या महिन्यात एकदा विचारा, आणि तो 'नको' म्हणाला नाही, नुसता गप्प राहिला, तर जा.