वाळलेली तुळस काढावी का?

प्रश्न : आमच्या सासूबाई पौषात गेल्या. अंगणातली बाग सगळी त्यांच्या हातची. माघात वृंदावनातली तुळस झडायला लागली आणि पाडव्यापर्यंत पार वाळली. शेजारच्या बायका म्हणतात, घरात आणखी काही वाईट व्हायचं असलं की तुळस वाळते. मला ती उपटायला हात धजत नाही. मोगराही मरगळलाय. शिवाय एका कुंडीत नुसती माती आहे. पावसाळ्यात तिच्यात नक्षीदार पानं यायची. काय करू?
— एक वाचक, वाई

उत्तर : शेजारणींचं बोलणं आधी मनातून काढून टाका. तुळशीचं आयुष्य मुळात दोन-तीन वर्षांचं, फार निगा राखली तर थोडं जास्त. कार्तिकात तिचं लग्न लागतं तेव्हा ती मंजिऱ्यांनी लगडलेली असते. बी धरण्यात तिची सगळी ताकद जाते, वर थंडी पडते. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर ती जरा जास्त तगते, पण घरात माणूस अंथरुणाला खिळलेलं असताना मंजिऱ्या खुडायचं कुणाला सुचणार? माघ-फाल्गुनात घरोघरच्या वृंदावनांत वाळलेली तुळस दिसते. त्या घरांत सगळे सुखरूप असतात.

तरी खात्री करून घ्या. बुंध्याजवळ नखाने साल हलकेच खरवडा. आत हिरवट ओल दिसली तर जीव आहे. वरच्या काड्या छाटा आणि थांबा. आत तपकिरी कोरडं असेल आणि फांदी कट्‌कन मोडत असेल, तर ती गेली.

गेली असेल तर काढण्याआधी वाळक्या मंजिऱ्या तळहातावर चोळा आणि भुसा फुंकून टाका. हातावर मोहरीहूनही बारीक तांबूस-काळपट बिया राहतील. एकेका बोंडात जास्तीत जास्त चार असतात. सासूबाईंनी ज्या रोपाला रोज पाणी घातलं, त्याच्याच या बिया. वृंदावनातली माती बदला, शेणखत मिसळा, बी वरच्यावर भुरभुरा आणि चिमूटभर मातीने झाका. खोल पुरलं तर उगवत नाही. दुपारच्या उन्हापासून आडोसा द्या. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात. पुढे पूजेचं पाणी चमचाभरच घाला. रोज तांब्याभर पाण्याने मुळं कुजतात, आणि निरांजनाची आच लागून खालची पानं करपतात.

उपटायला हात धजत नाही, यात वावगं काही नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवलंय. सासूबाई त्या झाडात आहेत असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तसं मला वाटत नाही. माणूस गेलं की गेलंच. पण जाणाऱ्याच्या तोंडात आपण तुळशीपत्र ठेवतो, म्हणून तीच तुळस वाळली की दुसऱ्यांदा कुणी गेल्यासारखं होतं. रडू आलं तर येऊ द्या. फक्त बाग त्यांनी ठेवली तशीच राहावी हा हट्ट धरू नका. त्यांच्या हयातीतही ती तशी राहिलेली नव्हती. त्यांनीही कितीतरी वाळलेल्या तुळशी काढून नव्या लावल्या असतील. बाहेर पाहा, पिंपळाची जुनी पानं अजून रस्त्यावर पडलेली आहेत आणि वर तांबूस पालवी उन्हात चमकतेय. चैत्रात ही दोन्ही कामं झाड एकाच वेळी उरकतं.

मातीच्या कुंडीला मात्र हात लावू नका! त्या पानांची खालची बाजू जांभळट होती का, आठवा. असेल, तर तो बहुधा भुईचाफा. हिवाळ्यात त्याची पानं पूर्ण जातात, गड्डे मातीत झोपतात, आणि उन्हाळ्यात एकही पान नसताना मातीतून थेट पांढरी-जांभळी सुवासिक फुलं वर येतात. पानं पावसाळ्यात. कुंडी रिकामी समजून उपडी केल्यामुळे किती घरांतले गड्डे कचऱ्यात गेले असतील! माती जेमतेम ओलसर ठेवा.

मोगऱ्याचं दुखणं साधं असावं. पानांमागे बारीक जाळी असेल तर उन्हाळ्यात येणारी लाल कोळी ही बारीक कीड आहे. पानं खालून पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. वाळक्या काड्या आणि शेंडे छाटा, माती उकरून खत द्या, पाणी सकाळी. फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे छाटायला भिऊ नका. कुंडीला निदान पाच-सहा तास ऊन हवं. मृगाचा पाऊस पडला की जमिनीलगतची एक फांदी वाकवा, मधे थोडी साल खरवडून तेवढा भाग मातीत दाबा आणि वर दगड ठेवा. दोनेक महिन्यांत मुळं धरतात. सासूबाईंच्या लेकी-सुनांपैकी ज्या दुसऱ्या गावी असतील, त्यांना गणपतीच्या सुमारास एकेक रोप देता येईल.