जुन्या डर्ट बाइकचा पुढचा फोर्क सुधारताना आधी काय बदलावे?
1980 च्या आसपासच्या होंडा एक्सएल किंवा यामाहा आयटीच्या फोर्कमध्ये तेल डॅम्पर रॉडच्या, म्हणजे फोर्कची हालचाल आवरणाऱ्या पोकळ दांड्याच्या, ठरावीक भोकांतूनच वाहते. त्यामुळे ब्रेक लावताच पुढचा भाग बुडतो, आणि दगडावर आदळताना तेल तेवढ्या वेगाने निसटत नसल्याने थेट मनगटाला हादरा बसतो. आधी स्वतःच्या वजनाला साजेशा स्प्रिंगा आणि नवे सील बसवावेत. त्यानंतर कार्ट्रिज इम्युलेटर, म्हणजे दाबानुसार तेलाची वाट उघडणारी झडप, घालावा. तो रॉडच्या माथ्यावर मुख्य स्प्रिंगच्या दाबाने टिकून राहतो, मात्र रॉडची खालची भोके मोठी केल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही, आणि नेमके हेच बरेच जण विसरतात. परतीच्या, म्हणजे दबलेला फोर्क पुन्हा उघडतानाच्या, वरच्या बारीक भोकांना हात लावू नये. परतीचा वेग तेलाच्या दाटपणाने जुळवावा. तेलाची पातळी स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबूनच मोजावी.