बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात मुलीने बीएस्सीचं चौथं, ऑनर्सचं वर्ष करावं का?

संशोधनाची ओढ असेल तर जरूर. नुसता ‘ऑनर्स’ शब्द मिरवायला नको. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, चौकटीत तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं वजन मोजायचं एकक), चार वर्षांची १६०ची. खरी गोम ७५ टक्के गुणांत आहे. पहिल्या सहा सत्रांत तेवढे असतील तरच चौथ्या वर्षी संशोधन करता येतं, त्यात १२ क्रेडिट प्रबंधाचे. नसतील तर प्रबंधाऐवजी जादा पेपर. मग माझ्या मते सरळ एमएस्सी बरी. चार वर्षांनंतर एमएस्सी एका वर्षाची, आणि ७५ टक्के राखले तर थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो. मात्र पाचव्या सत्रातच विभागात जाऊन विचारा की मार्गदर्शन कोण करणार. विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी आहेच हो, पण पुस्तकं काही प्रबंध तपासून देत नाहीत!